ओठांचं सालपट आणि कात्रजचा वारा

कात्रज चौकात सिग्नलला किती वेळ थांबावं लागतं, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. मार्चमधल्या एखाद्या दुपारी तिथं आजूबाजूच्या दुचाक्यांकडे जरा पाहा. कुणीतरी स्कार्फ हनुवटीखाली ओढलेला असतो, मान आरशाकडे कललेली असते आणि खालचा ओठ वरच्या दातांत धरून सालपट कुरतडणं चाललेलं असतं. सिग्नल सुटेपर्यंत ते निघतंही. पण निघताना कडेची चांगली कातडी घेऊन निघतं, टिपूसभर रक्त येतं, आणि घाटाकडचा वारा तोंडावर आला की चर्र होतं. मग ओठांवरून जीभ फिरते. दोन मिनिटं बरं वाटतं, आणि पुढच्या सिग्नलला नवं सालपट तयार!

मीही त्यातलीच. माझ्या पर्समध्ये एकेकाळी तीन-तीन बाम असायचे आणि ओठ मात्र बारा महिने फुटलेले. बाम बदलून पाहिले, पाणी ढोसून पाहिलं, रात्री बेंबीत तेलही घालून झालं. शेवटी लक्षात आलं की दोष बामपेक्षा माझ्या दातांचा आणि जिभेचा जास्त होता. सालपट काढणं हा ओठांच्या निगेतला सगळ्यात लहान भाग आहे. मोठा भाग म्हणजे ओलावा देणं आणि तो उडून जाऊ न देणं. हा क्रम उलटा झाला की कितीही महागडी डबी आणा, पालथ्या घड्यावर पाणी.

ओठच आधी का फुटतात?

गालाच्या कातडीवर लव असते, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी असतात. त्यांच्यातून झिरपणारं तेल कातडीवर एक पातळसा पडदा धरून ठेवतं. ओठांच्या लाल भागावर केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत आणि तेलाच्या ग्रंथी असल्याच तर मोजक्याच. शिवाय तिथला वरचा थर इतका पातळ, की आतल्या रक्तवाहिन्यांचा रंग वर दिसतो. ओठ लालसर दिसतात ते त्यामुळेच. उन्हापासून वाचवणारं रंगद्रव्यही तिथं कमी. थोडक्यात, चेहऱ्याचा हा भाग छत्रीवाचून उभा आहे.

त्यात आपण थुंकी लावतो. थुंकीतलं पाणी वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना ओठांचा स्वतःचा ओलावाही नेतं. मागे राहतात ते तोंडातले पाचक घटक. त्यांचं काम अन्न फोडण्याचं. ओठांवर सुकून राहिले की ते तिथली नाजूक कातडी चुरचुरवतात. लहान मुलांच्या ओठांभोवती कधीकधी मिशीसारखा लालसर-काळपट पट्टा उमटलेला दिसतो, तो सतत जीभ फिरवण्यानं उमटलेला असतो. अशा मुलाला रागावून सवय सुटत नाही. दर तासाभरानं त्याच्या ओठांना आणि भोवतीच्या पट्ट्याला व्हॅसलीन लावत राहा. जिभेला ती बुळबुळीत चव लागली की ती आपणहून मागे फिरते.

कात्रजचं कॅलेंडर

ओठ थंडीत फुटतात, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो, मोरीतली खोबरेलाची बाटली गोठते आणि तिच्याबरोबर ओठ तडकतात, हे सगळ्यांना दिसतं. पण पुण्यातली सगळ्यात कोरडी हवा जानेवारीतली नसते. मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांच्या आसपास येते. थंडी गेली म्हणून आपण बाम कपाटात टाकतो, आणि खरी कोरड तेव्हाच सुरू झालेली असते. बाटलीतलं खोबरेल पातळ झालं म्हणून ओठांची निगा थांबवू नका. ती पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत चालू ठेवा.

पावसाळ्यात ओठ मऊ राहतात, पण कोपरे चिरतात. तिथं दमट राहतं, थुंकी साठते आणि बुरशीला आयती जागा मिळते. त्यावर साध्या बामचा उपयोग होत नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कात्रजकरांच्या वाट्याला आणखी दोन गोष्टी येतात. एक वारा. जुन्या घाटातून दुचाकीवर शिंदेवाडीकडे उतरणाऱ्यांना आणि रात्रभर कात्रज ते सिंहगड टेकड्या तुडवणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. दुसरी धूळ. सातारा रस्त्याची आणि बायपासची धूळ नाकात गेली की नाक चोंदतं, नाक चोंदलं की माणूस रात्री तोंडानं श्वास घेतो, आणि सकाळी ओठ कागदासारखे होतात. रोज सकाळीच ओठ कोरडे पडत असतील, तर बामच्या आधी नाकाकडे बघा.

सालपट कसं काढायचं

पहिला नियम: कोरडं सालपट ओढायचं नाही. दातांनी नाही, नखांनी नाही, चिमट्यानंही नाही. सालपटाचं एक टोक सुटलेलं असलं तरी दुसरं टोक जिवंत कातडीत रुतलेलं असतं. ओढलं की तिथं जखम होते, जखमेवर खपली धरते, आणि त्या खपलीलाच आपण पुढचं सालपट समजतो. हे चक्र वर्षानुवर्षं चालू शकतं.

दुसरा नियम: आधी मऊ करा. रात्री जेवण झाल्यावर कोमट पाण्यानं ओठ ओले करून त्यांवर साजूक तूप किंवा खोबरेल जाडसर लावा आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग मऊ सुती कापड, जुन्या मलमलीचा तुकडा असला तर उत्तम, कोमट पाण्यात पिळून बोटाला गुंडाळा आणि ओठांवरून हलकेच गोल फिरवा. बाळाचं तोंड पुसताना जेवढा जोर लावता तेवढाच. जे सुटायला आलेलं असेल ते कापडावर येईल. जे आलं नाही ते अजून पिकलेलं नाही, राहू द्या.

ज्यांना साखरेनं घासायला आवडतं त्यांनी अख्खे दाणे वापरू नयेत, त्यांच्या कडा बोचतात. साखर मिक्सरमध्ये अर्धवट फिरवून रव्याइतकी बारीक करा. पाव चमचा साखर, तेवढंच खोबरेल किंवा मध, आणि अर्ध्या मिनिटाच्या वर घासायचं नाही. साखर विरघळू लागली की थांबा, धुवा, टिपून घ्या. पुसू नका, टिपा. आणि ओठ ओलसर असतानाच पुढची पायरी गाठा.

हे आठवड्यातून एकदा पुरे. ओठ फार नाजूक असतील तर पंधरा दिवसांतून एकदा. ओठ चिरलेले असतील, रक्त येत असेल, कोपरे दुखत असतील किंवा कडेला पाणीदार फोड उठले असतील, तर अजिबात नको. फोडांवर घासलं तर त्यांतला विषाणू आजूबाजूला पसरतो.

काय वापरू नये, हेही सांगते. लिंबू नको, आंबटपणानं ओठ झोंबतातच, शिवाय लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर डाग किंवा फोड येऊ शकतात. मीठ नको. दालचिनी नको; तिनं ओठ फुगून टपोरे दिसतात, पण ते फुगणं म्हणजे चक्क दाह. आणि दात घासायचा ब्रश ओठांना लावू नका. कितीही मऊ म्हणून विकला तरी तो दातांसाठी केलेला आहे.

ओलावा आणि झाकण

कात्रजच्या माणसाला ही गोष्ट समजावणं सोपं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातलं पाणी शनिवारवाड्यापर्यंत नेलं गेलं, ते जमिनीखालच्या बंदिस्त नळातून. उघड्या पाटानं आणलं असतं तर वाटेत किती उडालं असतं आणि किती गढूळ झालं असतं, कल्पना करा. ओठांचंही तसंच. पाणी आणणं हे एक काम, ते झाकून ठेवणं हे दुसरं.

पाणी आणणाऱ्या पदार्थांत मध आणि ग्लिसरीन येतात. ते ओलावा खेचून धरतात. पण कोरड्या हवेत त्यांना बाहेर ओलावा मिळाला नाही, तर ते तो कातडीच्या आतून ओढतात. म्हणून मार्चच्या दुपारी नुसतं ग्लिसरीन लावलं की ओठ उलट जास्त ताणतात. त्यावर झाकण हवंच. भेगा बुजवून मऊपणा देणाऱ्यांत तूप, खोबरेल आणि कोकमाचं तेल येतं. आणि खरं झाकण घालणारे दोन: मेण आणि पेट्रोलियम जेली. ती घरोघरी 'व्हॅसलीन' याच नावानं ओळखली जाते. रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकन रसायनतज्ज्ञानं १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तिला वास नाही, चव नाही, आणि तिची अ‍ॅलर्जी क्वचितच होते. कातडीतून उडणारं पाणी अडवण्यात तिची बरोबरी करणारं दुसरं काही सहज सापडत नाही. मात्र ती स्वतः पाणी देत नाही. कोरड्या ओठांवर लावली तर कोरडेपणावरच झाकण बसतं. ओठ आधी ओले करा, मग ती लावा. सगळं गुपित एवढंच.

घरचं तूप वापरायला हरकत नाही. डेअरीचं गाव म्हणून कात्रजचं नाव घराघरांत पोचलेलं आहे, तुपाची इथं वाण नाही. मुगाच्या दाण्याएवढं तूप झोपताना पुरतं. आयुर्वेदात तुपाचं आणखी एक रूप आहे, शतधौत घृत. तांब्याच्या परातीत तूप पाण्यानं शंभर वेळा फेसून, दर वेळी पाणी काढून टाकत, ते पांढरं आणि लोण्याहून हलकं करतात. खटाटोप मोठा आहे, पण आयुर्वेदिक दुकानांत ते तयार मिळतं. ते फक्त लावायचं आहे, खायचं नाही.

कोकणातला पाहुणा आला तर त्याला कोकमाचं तेल आणायला सांगा. कोकमाच्या बियांपासून निघणारं हे तेल थंड झालं की त्याचा घट्ट गोळा होतो, आणि मुठीत वळलेला असतो म्हणून त्याला मुठेलही म्हणतात. टाचांच्या भेगांसाठी कोकणात ते पिढ्यान् पिढ्या वापरतात. दगडासारखा तो खडा बोटांत धरून चोळला की अंगाच्या उबेनं हळूहळू सुटू लागतो. थंडीच्या ओठांना याच्याइतकं टिकाऊ दुसरं काही मी वापरलेलं नाही.

आणि बेंबी? रात्री बेंबीला तेल लावलं की ओठ फुटत नाहीत, असं आज्या सांगत आल्या. बेंबीपासून ओठांपर्यंत तेल नेणारी वाट शरीरात नाही. पण आजीच्या हाताला लागलेलं उरलंसुरलं तेल शेवटी नातवंडाच्या ओठांवर फिरायचं, हे मला पक्कं आठवतं. गुण यायचा तो त्याचा. तेव्हा बेंबीला लावायचं तर लावा, पण बोट वर आणायला विसरू नका.

फणेरपेटीतलं मेण

जुन्या घरांत बायकांची एक लाकडी फणेरपेटी असे. झाकणात आरसा, आत फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची एक चिमुकली डबी. कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायचं आणि मग त्यावर कुंकू, म्हणजे ते दिवसभर हलत नसे. ते मेण मधमाशांचं, आणि मऊ राहावं म्हणून त्यात थोडं खोबरेल घातलेलं. आज ज्याला लिप बाम म्हणून शंभर-दोनशे रुपये मोजतो, तो जवळपास हाच पदार्थ.

घरी करून पाहायचा असेल तर हे प्रमाण धरा:

मधमाशांचं मेण ५ ग्रॅम, खोबरेल १५ ग्रॅम, कोकमाचं तेल ५ ग्रॅम.

पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात स्टीलची वाटी धरा आणि वाटीत आधी मेण घाला. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. थेट गॅसवर ठेवलं तर करपतं आणि पेटूही शकतं. मेण विरघळलं की दोन्ही तेलं घाला, ढवळा, एकजीव झालं की खाली उतरवा आणि कोरड्या, स्वच्छ डब्यांत ओता. तासाभरात घट्ट होतं. एक थेंब थंड बशीवर टाकून बोटानं पाहा: बोट रुतत नसेल तर खोबरेल वाढवा, ओघळत असेल तर मेण. उन्हाळ्यासाठी मेण एखादा ग्रॅम जास्तच असू द्या, नाहीतर दुचाकीच्या डिकीत सगळं पाणी होईल. यात तूप किंवा मध घालू नका. तूप खवट होतं आणि मध तळाशी बसतो. ओलं बोट डबीत बुडवलं नाही तर हा बाम तीन-चार महिने चांगला राहतो.

मेण शुद्ध हवं. मेणबत्तीचं मेण चालत नाही, ते खनिज तेलापासून केलेलं असतं आणि त्यात रंग-वास मिसळलेले असतात. मध काढणाऱ्यांकडे खरं मेण मिळतं. आपल्याच सातारा रस्त्यानं महाबळेश्वरकडे गेलात तर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं मांघर तिथं आहे. कोणतीही नवी वस्तू ओठांना लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहा. खाज किंवा लाली आली तर ती तुमच्यासाठी नाही.

विकतचा बाम घेताना

औषधाच्या दुकानात "ओठाला लावायचं काहीतरी द्या" असं म्हटलं की हातात येतो तो बहुधा गार लागणारा, सुवासिक बाम. गार लागतं ते मेन्थॉल आणि कापरामुळे. लावताना छान वाटतं, पण पुष्कळांच्या ओठांना त्यानं कोरड पडते, मग पुन्हा लावावंसं वाटतं आणि डबी संपत राहते. बाम लावल्यावर अर्ध्या तासात ओठ पुन्हा ताणत असतील, तर आधी त्या बामवरच संशय घ्या. वास, रंग आणि चव नसलेला बाम निवडा.

दिवसा बाहेर राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे उन्हापासून रक्षण. खालचा ओठ पुढे असतो, वरून येणारं ऊन थेट त्याच्यावर पडतं. भाजीची गाडी लावणारे, वाहतूक पोलीस, घरपोच डबे पोचवणारी पोरं, शेतकरी यांच्या खालच्या ओठावर वर्षानुवर्षांच्या उन्हानं खरखरीत पांढरट चट्टे येऊ शकतात, आणि त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. व्हॅसलीन किंवा तूप ऊन अडवत नाही. एसपीएफ ३० किंवा जास्त असलेला बाम घ्या आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

दिवसभरात

सकाळी दात घासून झाल्यावर कोपऱ्यांतला फेस नीट धुवा. टूथपेस्टमधला फेस आणणारा पदार्थ आणि तिखट पुदिना ओठांवर सुकला की तो चुरचुरतो. फार त्रास होत असेल तर महिनाभर सौम्य चवीची पेस्ट वापरून फरक पाहा.

पुण्याच्या बायकांचा स्कार्फ हे ओठांचं मोठं संरक्षण आहे, पण तो रोज धुतलेला असला तरच. कालचा घाम, धूळ आणि लिपस्टिक यांनी कडक झालेलं कापड तासभर ओठांवर घासत राहिलं, तर ते खरकागदाचंच काम करतं. आत मऊ सुती कापड येईल असा बांधा आणि बांधण्याआधी ओठांना बाम लावा. हेल्मेट घालणाऱ्यांनी काच खाली ठेवली तरी निम्मा वारा अडतो.

मिसळ किंवा भेळ खाल्ल्यावर कागदानं ओठ खसाखसा पुसू नका. पाण्यानं धुवा, टिपा, बाम लावा. पाणी भरपूर प्या, अंगाला ते हवंच; पण नुसत्या पाण्यानं ओठ भरून येत नाहीत, कारण ते उडून जाण्याची वाट उघडीच असते.

मॅट लिपस्टिक ओठ सुकवते. लावायचीच तर दहा मिनिटं आधी बाम लावा, जास्तीचा टिपून घ्या आणि मग रंग चढवा. रात्री खोबरेल लावून, विरघळवून काढा; घासून नाही. आणि मैत्रीण कितीही जवळची असली तरी लिपस्टिक-बाम एकमेकींचे वापरू नका. ओठांवरच्या फोडांचा विषाणू असाच घरोघरी फिरतो.

काळे ओठ गुलाबी करून देण्याच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. आपल्याकडे पुष्कळांच्या ओठांचा मूळ रंगच सावळा असतो, तो आजार नव्हे. बिटाच्या रसानं ओठ रंगतात आणि धुतल्यावर रंग निघून जातो, इतकंच. ओठ अलीकडे काळवंडले असतील तर सिगारेट, ऊन, जीभ फिरवण्याची सवय आणि नवी लिपस्टिक किंवा टूथपेस्ट, यांत कारण शोधा.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं

कोपरे वारंवार चिरत असतील तर बुरशी, लोहाची किंवा ब जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, किंवा नीट न बसणारी कवळी, यांपैकी काहीतरी कारण असू शकतं. दुकानातून आपल्या मनानं मिश्र मलमाची ट्यूब आणू नका. तशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. ते आठ दिवस बरं वाटवतं आणि पुढे कातडी आणखी पातळ करतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ सुकणारच. त्या काळात सालपट काढण्याच्या भानगडीत न पडता दिवसातून आठ-दहा वेळा व्हॅसलीन लावा.

ओठावरची जखम, गाठ किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा दंतवैद्य यांना दाखवाच. घरात कुणी तंबाखूचा विडा ओठाआड धरत असेल किंवा मिश्री लावत असेल, तर त्यांना आरशासमोर उभं करून ओठ उलटा करून बघायला लावा. दुखत नाही म्हणून काही नाही, असं समजू नका. सुरुवातीला हे चट्टे दुखत नाहीत.

दहा रात्री

एवढं सगळं एकदम करू नका. आज झोपताना ओठ कोमट पाण्यानं ओले करा, टिपा, आणि ओलसर असतानाच मुगाएवढं तूप किंवा व्हॅसलीन लावा. दिवसा वास नसलेला बाम खिशात ठेवा आणि जीभ ओठांकडे निघाली की त्याऐवजी तो लावा. सालपटाला हात लावू नका, अगदी लोंबत असलं तरी. फारच खुपलं तर तूप लावून मऊ करा आणि नखं कापायच्या बारीक कात्रीनं सुटं टोक तेवढं कापा. आठव्या रात्री मलमलीचं कापड एकदा फिरवा. दहा रात्री एवढंच.

त्यानंतर कात्रज चौकात सिग्नल लागला की सवयीनं दात ओठांकडे जातील. फक्त कुरतडायला तिथं काही सापडणार नाही.